खिशात कापूस नव्हता

मोठे बाबा,

परवा मोठी आईने तुमचे शर्ट धुवायला काढले. देऊन टाकायचे आहेत, पण धुतल्याशिवाय कसे द्यायचे, असं ती म्हणाली. मी बादलीजवळ उभी राहून एकेक खिसा उलटा करून बघत होते. बसचं तिकीट निघालं, बडीशेपेची पुडी निघाली, चष्मा पुसायचं कापड निघालं. कापूस एकाही खिशातून निघाला नाही.

"आता कुठचा निघते? लय दिवस झाले त्याले," मोठी आई म्हणाली आणि नळ मोठा सोडून भिंतीकडे तोंड करून बसली.

याच कापसावरून ती तुमच्याशी जन्मभर भांडली. खिशातला पुंजका काढायला तुम्ही विसरायचात, तो धुण्यात जायचा आणि बाबांच्या पँटवर, माझ्या शाळेच्या निळ्या स्कर्टवर पांढरे तंतू चिकटून बसायचे. "घरात कापसाचा ग्रेडर आहे हे साऱ्या गल्लीले आपल्या दोरीवरून समजते," असं ती म्हणायची. तुम्ही हसायचात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

लहानपणी एकदा तुम्ही मला दारव्ह्याच्या खरेदी केंद्रावर नेलं होतं, ते मला फार स्वच्छ आठवतं. कापसाने भरलेल्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. तुम्ही गाडीतल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचात आणि आतला कापूस बाहेर काढायचात. वरवरचा कधीच नाही. त्यातली सरकी काढून टाकायचात. मग उरलेली रुई दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये धरून ओढायची, एकावर एक लावायची, पुन्हा ओढायची, सगळे तंतू एका दिशेने झोपेपर्यंत. मग ती बारीकशी पट्टी शर्टाच्या गडद बाहीवर ठेवून तंतूंची लांबी बघायची आणि मालाची प्रत ठरवायची. मागे लोक ताटकळत होते. एक शेतकरी वैतागून म्हणाला, "साहेब, एवढा टाइम तं मी बायको पाह्यले गेलतो तवाबी नाई लावला!"

तुम्ही मान वर न करता म्हणालात, "म्हणूनच तिले सोडून इथं उन्हात उभा आहेस न?"

सगळी रांग हसली. तोही हसला. मला विनोद कळला नव्हता, पण तुम्ही घाई केली नाही एवढं कळलं होतं.

मी इंग्रजी शाळेत होते आणि तिथे माझ्या प्रगतिपुस्तकावर दर वर्षी एकच शेरा यायचा, की मुलगी हुशार आहे पण बोलत नाही. खरं तर मी बोलायला निघालेली असायचे. मनातलं वाक्य मराठीत, बाहेर काढायचं इंग्रजीत, आणि ते तयार होईपर्यंत दुसऱ्या कोणीतरी उत्तर दिलेलं असायचं. घरी वाक्य मराठीतच काढायचं होतं, तरी तसंच व्हायचं. आई प्रेमाने माझी वाक्यं पूर्ण करायची. बाबा म्हणायचे, "बरं, नंतर सांग." मी नंतर कधी सांगितलं नाही.

तुम्ही दोघं वरच्या मजल्यावर राहायचात, तुमचा धाकटा भाऊ म्हणजे माझे बाबा आणि आम्ही खाली. मी जिना चढून आले की तुम्ही म्हणायचात, "अनू, सांग." आणि मग माझ्याकडे बघायचातच नाही. खिशातून पुंजका काढून ओढत बसायचात. कोणी टक लावून वाट बघायला लागलं की माझं वाक्य अडतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. कापूस ओढून ओढून सरळ होईपर्यंत माझं वाक्यही कुठूनतरी बाहेर यायचं. बाईंनी काय म्हटलं, बसमध्ये कोण हसलं, मला गॅदरिंगमध्ये का जायचं नाही. ऐकून झालं की तुम्ही ती कापसाची पट्टी माझ्या तळहातावर ठेवायचात. सल्ला फार क्वचित द्यायचात. तुम्ही ऐकताय याची माझ्याकडे एकच खूण होती. तुमचे अंगठे हलत असायचे.

नंतर तुम्ही निवृत्त झालात, आणि मी नोकरीला लागले ती घरूनच. खालच्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून, दोन पडद्यांसमोर. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी छोटे व्हिडिओ कापून देते. तुम्हाला एकदा दाखवलंही होतं. कोणीतरी बोलतंय आणि खाली त्याच्या आवाजाची रेघ वर-खाली होतेय. मध्येच ती सपाट होते.

"हे सपाट काय आहे?" तुम्ही विचारलं.

"तिथे तो माणूस थांबलाय."

"मंग तू ते काहून कापून राह्यली?"

"लोक थांबत नाहीत, मोठे बाबा. तो गप्प झाला की पुढे निघून जातात."

तुम्ही बराच वेळ त्या रेघेकडे बघितलं. मग म्हणालात, "म्हणजे तुह्यासारख्यायलेच कापाची नोकरी दिली म्हणा की त्यायनं तुले." आणि हसत वर निघून गेलात. मला राग आला होता. कारण ते खरं होतं, आणि कारण मी त्या कामात चांगली आहे. माणूस श्वास घेतो ते सुद्धा मी काढून टाकते. बघणाऱ्याला कळत नाही.

मग निलेशदादाने हैदराबादहून तुमच्यासाठी मोठा फोन पाठवला, त्याच्या मुलाचा, तुमच्या नातवाचा, चेहरा नीट दिसावा म्हणून. नातू दिसायचा रविवारी. बाकीच्या दिवशी तुम्हाला दुसरंच काय काय दिसू लागलं. आधी भजनं आली, मग शेतीचे सल्ले, मग रेल्वेरूळ टाकायची यंत्रं, परदेशातले पूर, आणि शिव्या देणारा तो पोपट. मी जिना चढून यायचे. तुम्ही म्हणायचात, "अनू, सांग." शब्द तेच होते. अंगठाही हलत होता, पण एकच, खालून वर, खालून वर. मी वाक्य जमवायचे आणि तेवढ्यात तुम्ही म्हणायचात, "हे पाह्य, हे पाह्य काय करून राह्यला हा माणूस."

असं कितीतरी वेळा झालं, आणि मग मी वर येणं कमी केलं. यावरून आपलं एक भांडण सुरू झालं ते अर्धवटच राहिलं आहे. मी म्हटलं होतं, "तुम्ही दिवसभर त्यातच असता." मला वाटलं तुम्ही हसण्यावारी न्याल. तुम्ही फोन पालथा ठेवला आणि म्हणालात, "दिवस मोठा असते, अनू. तुमचा नसंन. माही दुपार संपतच नाही. तुह्या खोलीत दोनदा येऊन गेलो मी. तू कानात ते घालून बसली होती. तुही पाठ पाह्यली अन् आलो परत."

मी म्हटलं, "हाक मारायची न."

"माराची काय? मी कोणाले घाई केली आहे कधी?"

यावर मला उत्तर सुचेपर्यंत तुमचा फोन वाजला. उत्तर मला दुसऱ्या दिवशी सुचलं. पाठीवर हात ठेवला असता तर मी सगळं बंद केलं असतं, मोठे बाबा. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. आणि तुम्ही त्या दाराशी किती वेळ उभे होतात, हे विचारायचंही राहिलं.

आता ते लिहिते जे लिहायला मी या पानापर्यंत वेळ लावला.

आपल्या घरात एक रीत आहे. मुलीचं स्थळ जमत आलं की शब्द देण्याआधी घरातला थोरला माणूस आतल्या खोलीत जाऊन तिला एकटीला विचारतो. आईबाप नाहीत, कारण त्यांच्या तोंडावर मुलगी नाही म्हणणार नाही. याला आपल्याकडे 'आत जाऊन येणं' म्हणतात. थोरला माणूस बाहेर येऊन जे बोलतो ते कोणी मोडत नाही, आणि कारणही विचारत नाही. आजोबांचे थोरले भाऊ असे आत्याकडे आत जाऊन आले होते आणि बाहेर येऊन पाहुण्यांना एवढंच म्हणाले होते, "चहा घ्या, आमचं जमणार नाही." आत्याने ही गोष्ट मला कितीदा सांगितली आहे. ती म्हणायची, "दादानं मले विचारलं असतं तं मी आणखी जल्दी बोलली असती." दादा म्हणजे तुम्ही. म्हणून मला कधी भीती वाटली नव्हती. बाकी कोणी ऐको न ऐको, त्या एका वेळी आत तुम्ही येणार होतात.

नागपूरचा मुलगा वाईट नव्हता. गच्चीवर आम्हाला बोलायला पाठवलं तेव्हा त्याने मला आवडीनिवडी विचारल्या आणि प्रत्येक वेळी मी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर दिलं. "तुला नागपूर आवडेल न? आवडेलच." "नोकरी सोडावी लागली तर चालेल? घरूनच तर आहे." त्याने एकदाही आवाज चढवला नाही. खाली येताना मला कळलं की या माणसाबरोबर मी उरलेलं आयुष्य एकही वाक्य पूर्ण करणार नाही. 

पाहुणे बाहेर पोहे खात होते. तुम्ही आत आलात, पलंगाच्या कडेवर बसलात, दार लोटलं. म्हणालात, "अनू, सांग." आणि सवयीने हात खिशात घातलात. खिशातून फोन निघाला.

मला वाटत नाही तुम्हाला तो काढायचा होता. हाताला जे लागलं ते आलं. पण पडदा उजळला आणि तुमची नजर खाली गेली. मी म्हटलं, "मोठे बाबा, मला..." आणि थांबले, जशी मी नेहमी थांबते. त्या वेळात पोपट बोलला. तुम्ही हसलात. हसू ओठांवर असतानाच वर बघितलंत, आणि समोरचं माणूस हसलं की आपण हसतो तशी मीही हसले. चेहऱ्याने ते आपोआप केलं.

"व्हय न? मले वाटलंच होतं," तुम्ही म्हणालात. माझ्या डोक्यावर हात ठेवलात. हात उबदार होता. मग तुम्ही उठून बाहेर गेलात आणि मी तुमचा आवाज ऐकला, "पोरगी खूश आहे." आईने साखरेची वाटी आणली.

माझ्या कामात हे नेहमीचं आहे. दोन वाक्यांमधलं सपाट काढून टाकलं की दोन टोकं एकमेकांना चिकटतात आणि माणसाने जे म्हटलंच नाही ते म्हटल्यासारखं दिसतं. आम्ही हे जपून करतो. तुमच्याकडून ते नुसतं घडलं.

तुमच्यावर मी रागावले आहे, मोठे बाबा. तुम्ही गेल्यापासून लोकांना मी सांगते की ते माझं ऐकणारे एकटेच होते, आणि ते खरं आहे, आणि त्याच वेळी मी रागावलेली असते. भलतंच ऐकणारं माणूस मला सगळीकडे मिळालं. ऐकणारं माणूस एकच होतं आणि ते नेमकं त्या दिवशी दुसरीकडे बघत होतं.

त्यानंतर मी वर आले होते. तुम्ही जेवत होतात, फोन ताटाला टेकवलेला. मी म्हटलं, "त्या दिवशीचं बोलायचं आहे." तुम्ही म्हणालात, "बोल न, ऐकून राह्यलो." मी उभी राहिले. मोठी आईने पोळी वाढली. मी खाली आले. पुन्हा येईन असं ठरवलं होतं. मधल्या काळात बाबा कळंबच्या चिंतामणीला जाऊन आले, पेढे आले, मंगल कार्यालयाची चौकशी सुरू झाली. आणि मग एका सकाळी मोठी आईची हाक आली ती नेहमीची नव्हती. तुमच्या तोंडाची एक बाजू खाली ओढलेली होती.

दवाखान्यात तुमच्या डाव्या हाताला सलाइन होतं. उजवा मोकळा होता आणि तो हलत होता. डोळे मिटलेले, बोलणं नाही, पण अंगठा पहिल्या बोटावर सरकत होता. थांबायचा, पुन्हा सरकायचा.

निलेशदादा हैदराबादहून आला आणि त्याने ते बघितलं. "बाबा मोबाईल मागून राह्यले," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. त्याने फोन तुमच्या तळहातावर ठेवला. तो घसरून चादरीवर पडला. अंगठा तसाच हलत राहिला.

मोठी आई भडकली. "मोबाईल नाही मांगत ते! कापूस ओढून राह्यले. जन्मभर केलं ते नाही करतील तं काय करतील?"

"आई, कापूस दोन हातांनी ओढतात."

"मंग दुसऱ्याले सुई टोचली न तुमच्या डाक्टरनं!"

"तू हात तं पाह्य. असा वर करून राह्यले न, वर."

"मले नको शिकवू. धुणं मी धुतलं आहे त्यायचं."

तुमच्या दोन्ही बाजूंना उभे राहून ते असे भांडत होते आणि मग दोघांनीही माझ्याकडे बघितलं, जणू मला माहीत असणार. मलाही माहीत नव्हतं. पण मला ते कळणं त्या दोघांपेक्षा जास्त गरजेचं होतं. कापूस असेल तर तुम्ही ऐकत होतात. फोन असेल तर नव्हतात.

ते दोघं औषधं आणायला आणि चहाला गेले तेव्हा मी स्टूल जवळ ओढलं. तुमच्या अंगठ्याखाली माझं बोट सरकवलं. त्वचा खरखरीत होती. मी म्हटलं, "मोठे बाबा, मला त्या दिवशी नाही म्हणायचं होतं." एवढं वाक्य बोलायला मला खूप वेळ लागला, मध्ये दोनदा थांबले, आणि कोणी ते पूर्ण केलं नाही. मग बाकीचंही सांगितलं. गच्चीवरचं, पोपटाचं, माझ्या हसण्याचं. ते हसू माझं नव्हतं हेही सांगितलं. तुमचा अंगठा माझ्या बोटावर सरकत होता. एकदा तो थांबला असं मला वाटलं. मग नर्स बाटली बदलायला आली आणि म्हणाली, "ताई, थोडं बाजूले व्हा."

दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

तुमच्या फोटोपुढे दिवा लावला होता. त्याच फळीवर निलेशदादाने तुमचा फोन चार्जिंगला लावून ठेवला होता, लोकांचे कॉल येतील म्हणून. कॉल फार आले नाहीत. पण मधूनच पडदा उजळायचा आणि तुम्हाला आवडेल असं काहीतरी तुमच्यासाठी आलेलं असायचं. एकदा पोपटच आला. तुम्ही नाही हे अजून कोणी त्याला सांगितलेलं नाही.

तेरवी झाली. पाहुणे गेले. नागपूरहून फोन आला, की असं झाल्यावर कार्य वर्षाच्या आत उरकून घ्यावं, आणि दादासाहेबांनी स्वतः शब्द दिलेला, त्यांची शेवटची इच्छाच समजायची. बाबा माझ्या खोलीत आले. मी कानातलं काढून ठेवलं. ते तुमच्यासारखे पलंगाच्या कडेवर बसले नाहीत, दाराला टेकून उभे राहिले. तुम्ही गेल्यापासून ते एकदम थोरले झाले आहेत आणि त्यांना ते जमत नाही.

"अनू, तारीख पाहू का मंग?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांना वाटलं तारखेबद्दल म्हणतेय. मी पुन्हा म्हटलं. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर ते उतरत गेलं.

"पण दादा आत जाऊन आले होते. त्यायनं बाहेर येऊन सांगितलं. आपल्या घरात ते कोणी मोडलं नाही आजपर्यंत."

"मी नंतर त्यांना खरं सांगितलं. दवाखान्यात."

 बाबांच्या हातात फोन होता, त्यावर नागपूरचा नंबर. बाहेर मोठी आईच्या बादलीचा आवाज येत होता. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, आणि मला कळलं की ते हे माझ्यासाठी विचारत नव्हते, स्वतःसाठी विचारत होते, "दादानं ऐकलं?"

"हो," मी म्हटलं. लगेच. मध्ये कापायला काही जागाच नव्हती.

बाबांनी मान हलवली.  मग फोन घेऊन अंगणात गेले, आणि तुमच्या ओल्या शर्टांच्या मागून मला त्यांचा आवाज ऐकू आला, "नमस्कार... हो, बोलायचं होतं थोडं..."

तुमच्या नावावर मी 'हो' सांगून टाकलं आहे, मोठे बाबा. तुम्ही माझ्या नावावर सांगितलं होतं तसंच. ते खरं होतं की नाही, हे मला माहीत नाही.

ऐकलं होतं न तुम्ही?

सांगा. मी कानात काही घातलेलं नाही. मला घाई नाही.